'टू मीट' की 'टू मीटिंग'? जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांविषयी काही प्रश्न

निळीशाई

सर्वांना नमस्कार. माझे शिक्षण लातूर जिल्ह्यात मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी भोसरी येथे यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार सांभाळते. दिवसाला वीस-पंचवीस ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात आणि एरवी त्यांत फारशी अडचण येत नाही. परंतु एका क्रियापदापुढे दुसरे क्रियापद आले की ते 'टू' लावून (इन्फिनिटिव्ह) लिहावे की त्याला 'इंग' जोडावे (जेरंड), येथे माझा हात थबकतो. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाला मी 'वुई लुक फॉरवर्ड टू मीट यू इन पुणे' असे लिहिले होते. वरिष्ठांनी ते पाठवण्यापूर्वी 'मीट'चे 'मीटिंग' केले. 'टू'च्या पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, हा नियम शाळेत आमच्याकडून इतका पक्का करून घेतला होता की 'टू मीटिंग' हे मला अजूनही चुकीचेच वाटते.

दुसरी अडचण 'आवडणे' या साध्या शब्दाची आहे. 'मला पोहायला आवडते' याचे 'आय लाइक टू स्विम' आणि 'आय लाइक स्विमिंग' असे दोन्ही चालते, तर मग 'आय एन्जॉय टू स्विम' का चालत नाही? अर्थ तर तोच आहे. त्याचप्रमाणे 'आय केम फॉर मीटिंग द मॅनेजर' आणि 'ही सजेस्टेड मी टू चेंज द डेट' ही दोन्ही वाक्ये चुकीची असल्याचे मला सांगण्यात आले, कारण मात्र कोणी सांगितले नाही. स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शक पुस्तकात अशा क्रियापदांच्या दोन लांबलचक याद्या आहेत. त्या मी दोनदा पाठ केल्या आणि दोन्ही वेळा महिनाभरात विसरले. याद्या पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग आहे का? असल्यास तो मराठीतून विचार करणाऱ्या माणसाला पेलेल अशा रीतीने सांगावा, ही विनंती.

खडूफळा

मी 31 वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले. 'टू'नंतर मूळ रूप हा नियम मुलांकडून घोकून घेणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे या गोंधळाचा थोडा वाटा माझ्याकडेही येतो. तो नियम खोटा नाही. तो अर्धा आहे.

इंग्रजीत दिसायला आणि ऐकायला सारखेच असे दोन 'टू' आहेत. 'आय वॉन्ट टू गो' यातील 'टू' ही इन्फिनिटिव्हची केवळ खूण आहे, तर 'आय वेंट टू पुणे' यातील 'टू' हे आपल्याकडील शब्दयोगी अव्ययासारखे आहे आणि त्याच्यापुढे नामच यावे लागते. तेथे क्रियापद आणायचे झाले तर त्याला नामाचे रूप द्यावे लागते, आणि जेरंड म्हणजे नेमके तेच रूप होय. 'विदाउट', 'आफ्टर', 'ऑफ' यांच्यापुढे आपण विनातक्रार 'इंग' लावतो. 'विदाउट टू आस्क' असे कोणी लिहीत नाही. 'लुक फॉरवर्ड टू' यातील 'टू' त्याच जातीचा आहे.

हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. क्रियापद काढून त्या जागी एखादे नाम ठेवून पाहावे. 'वुई लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' हे वाक्य उभे राहते, म्हणून तेथे 'टू मीटिंग यू' असेच हवे. 'वुई वॉन्ट टू युअर रिप्लाय' हे वाक्य कोसळते, म्हणून तेथे 'टू मीट यू' हवे. 'ऑब्जेक्ट टू', 'इन ॲडिशन टू', 'विथ अ व्ह्यू टू' हे प्रयोग याच कसोटीने तपासता येतात.

या दोन 'टूं'ची सर्वांत मोठी झटापट 'यूज्ड टू' येथे होते. 'मी पहाटे पाचला उठायचो' म्हणजे 'आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह', आणि 'मला पहाटे पाचला उठायची सवय आहे' म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह'. मराठीत ही दोन वाक्ये आपण कधीच एकमेकांत मिसळत नाही, कारण पहिले संपलेल्या काळाविषयी आहे आणि दुसरे आजच्या सवयीविषयी. इंग्रजीत मात्र एका लहानशा 'ॲम'वर सगळा भार असतो, आणि तो निसटला की सेवानिवृत्त मनुष्य अजूनही पाचला उठतो की नाही हेच कळत नाही. मी अजूनही उठतो.

आता 'भेटण्यासाठी'. येथे आपल्याला 'साठी' दिसताच 'फॉर' आठवतो आणि 'आय केम फॉर मीटिंग' असे वाक्य तयार होते. माणसाच्या कृतीमागील हेतू सांगताना इंग्रजीला तेथे 'टू' हवा असतो: 'आय केम टू मीट द मॅनेजर'. वस्तूचा उपयोग सांगायचा असेल तर 'फॉर' आणि 'इंग' चालतात, जसे 'धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड'. शिवाय 'आल्याबद्दल आभार', 'उशिरा आल्याबद्दल दंड' यांतील 'बद्दल'साठी तर 'फॉर'च लागतो: 'थँक यू फॉर कमिंग'. माझे विद्यार्थी हे 'साठीला टू, बद्दलला फॉर' असे लक्षात ठेवत असत आणि ते बहुतेक ठिकाणी निभावत असे.

'सजेस्ट'विषयी थोडक्यात सांगतो. या क्रियापदाला माणूस थेट कर्म म्हणून चालत नाही. 'ही सजेस्टेड चेंजिंग द डेट' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय चेंज द डेट' असे लिहावे. 'मला' हा शब्द वाक्यात आणायचाच असेल तर क्रियापद बदलून 'ही ॲडव्हाइज्ड मी टू चेंज द डेट' असे लिहावे.

याद्यांना पर्याय विचारलात, तर मी वर्गात एक गोष्ट सांगत असे. सुमारे अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत साधे इन्फिनिटिव्ह 'टू'शिवायच येत असे. ते क्रियापदाच्या शेवटच्या प्रत्ययावरून ओळखू येई. 'टू' लावलेले रूप हे त्याचे चतुर्थीतील रूप होते आणि ते प्रामुख्याने 'कशासाठी, कशाकडे' हे सांगण्यासाठी वापरले जाई. दुसरीकडे 'इंग'चा पूर्वज 'उंग' हा क्रियापदापासून नाम बनवणारा प्रत्यय होता. शिकणे या अर्थाचा 'लेओर्नुंग' हा शब्द त्याच साच्यातला. पुढे प्रत्यय झिजले आणि 'टू' सर्वत्र पसरला, तरी जुना स्वभाव पुरता गेलेला नाही. 'टू' अजूनही पुढे, अद्याप न घडलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो: 'वॉन्ट', 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस', 'प्लॅन'. 'इंग' घडलेली, घडत असलेली किंवा अनुभवाला आलेली गोष्ट वस्तूसारखी हातात धरतो: 'एन्जॉय', 'फिनिश', 'ॲडमिट', 'डिनाय'. एवढे मनात ठेवले तर निम्मी यादी आपोआप लागते.

दोनतीर

मी इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करते, म्हणजे या रस्त्याने रोज उलट्या दिशेने येते. खडूफळा सरांनी जुन्या इंग्रजीतील चतुर्थीचा उल्लेख केला, तेथूनच पुढे जाते, कारण आपल्या 'करायला' आणि 'करण्यास' या रूपांच्या शेवटी असलेले 'ला' आणि 'स' हेही शाळेत पाठ केलेले द्वितीया-चतुर्थीचेच प्रत्यय आहेत. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती योजली आहे: पुढच्या कृतीकडे जाण्यासाठी दिशेचा शब्द वापरायचा. त्यामुळे निळीशाई यांनी इंग्रजी याद्यांऐवजी स्वतःच्या तोंडी असलेल्या मराठी धातुसाधितांकडे, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या रूपांकडे, पाहावे, असे मी सुचवीन. ही रूपे आपण शिकलेलो नाही, तरी ती वापरताना आपण चुकत नाही.

प्रथम 'एन्जॉय'. येथील खोट इंग्रजीत नसून आपण त्या शब्दाला दिलेल्या मराठी अर्थात आहे. 'एन्जॉय' म्हणजे 'आवडणे' नव्हे, 'आनंद घेणे'. 'मी पोहण्याचा आनंद घेतो' असे आपण म्हणतो. 'मी पोहायला आनंद घेतो' असे कोणीही म्हणत नाही. म्हणजे 'यला' हे रूप मराठीनेच तेथे नाकारले आहे. 'आवडणे' हे क्रियापद मात्र 'पोहायला' आणि 'पोहणे' दोन्ही स्वीकारते, आणि 'लाइक' हे क्रियापदही दोन्ही स्वीकारते. 'अव्हॉइड' पाहा: 'त्याने जाणे टाळले' होते, 'जायला टाळले' होत नाही. 'पोस्टपोन' पाहा: 'माल पाठवणे पुढे ढकलले'. ज्या क्रियापदाला मराठीत 'णे'कारान्त रूप सहज कर्म म्हणून चालते आणि 'यला' चालत नाही, तेथे इंग्रजीत बहुधा 'इंग' येतो. याउलट 'जायला नकार दिला', 'जायला तयार झाला', 'पोहायला शिकला', 'थांबायला सांगितले', 'जायला भाग पाडले', 'यायचे ठरवले' येथे 'टू' येतो.

माझ्या मते खरी मेजवानी पुढे आहे, आणि ती 'ल्याचे' या रूपात आहे. मराठीत 'कबूल करणे' हे एकच क्रियापद घ्या. 'त्याने पैसे द्यायचे कबूल केले' आणि 'त्याने पैसे घेतल्याचे कबूल केले' ही दोन वाक्ये एका शब्दावर उभी असली तरी इंग्रजीत त्यांची क्रियापदेच वेगळी होतात: पहिले 'ही अग्रीड टू पे', दुसरे 'ही ॲडमिटेड टेकिंग द मनी'. 'नाकारणे' तसेच आहे. 'त्याने सही करण्यास नकार दिला' म्हणजे 'ही रिफ्यूज्ड टू साइन', आणि 'त्याने सही केल्याचे नाकारले' म्हणजे 'ही डिनाइड साइनिंग'. ज्या गोष्टीची आपण 'ल्याचे' लावून झालेली म्हणून नोंद घेतो, तिला इंग्रजी 'इंग' लावते.

आता ज्या क्रियापदांना दोन्ही रूपे चालतात पण अर्थ बदलतो, आणि ज्यांच्यावर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचे विशेष प्रेम असते, ती पाहू. 'मी कुलूप लावायला विसरले' हे 'आय फरगॉट टू लॉक द डोअर'. 'कुलूप लावल्याचे मला आठवते' हे 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'. पहिल्यात कुलूप लागलेले नाही, दुसऱ्यात ते लागलेले आहे, आणि घरापासून दोन स्थानके पुढे गेल्यावर या दोहोंतील फरक किती मोठा असतो हे कोणाला सांगायला नको. 'कळवण्यास खेद वाटतो' हे सरकारी पत्रातील वाक्य 'आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू' आहे. 'त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो' हे 'आय रिग्रेट टेलिंग हिम' आहे. हे कोणत्याही यादीतून शिकण्याची आवश्यकता नाही. आपण ते बालपणापासून बोलत आलो आहोत.

'ट्राय'च्या बाबतीत तर मराठी इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. 'मी खिडकी उघडण्याचा प्रयत्न केला' म्हणजे खिडकी अडकलेली होती, जोर लावावा लागला आणि ती कदाचित उघडलीच नाही: 'आय ट्राइड टू ओपन द विंडो'. 'मी खिडकी उघडून पाहिली' म्हणजे खिडकी सहज उघडली, प्रश्न एवढाच होता की त्याने उकाडा कमी होतो का: 'आय ट्राइड ओपनिंग द विंडो'. आपल्या 'ऊन पाहणे' या जोडीला इंग्रजीत 'ट्राय' आणि 'इंग' यांच्याइतका चपखल जोडीदार मला दुसरा सापडलेला नाही. 'गो ऑन'चेही तसेच: 'ती बोलत राहिली' हे 'शी वेंट ऑन टॉकिंग', आणि 'त्यानंतर ती निर्यातीच्या विषयाकडे वळली' हे 'शी वेंट ऑन टू टॉक अबाउट एक्स्पोर्ट्स'. 'मीन'मध्ये 'टू' आला की हेतू आणि 'इंग' आला की 'म्हणजे'. 'आय मेंट टू कॉल यू' म्हणजे फोन करायचा विचार होता. 'इट मीन्स वेटिंग टिल मंडे' म्हणजे त्याचा अर्थ सोमवारपर्यंत थांबणे.

यॉर्कशायरकर

मी गेली काही वर्षे इंग्लंडमधील लीड्समध्ये राहतो. दोनतीर यांनी 'स्टॉप' वगळला आहे, म्हणून माझी एक फजिती येथे नोंदवतो. येथे आल्यावर दवाखान्यात नाव नोंदवताना परिचारिकेने धूम्रपानाविषयी विचारले आणि मी अभिमानाने 'आय स्टॉप्ड टू स्मोक लास्ट इयर' असे उत्तर दिले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अगदी गंभीरपणे 'व्हेअर?' असे विचारले. मी 'सिगारेट ओढायला गेल्या वर्षी थांबलो होतो' असे सांगितले होते. तिला 'आय स्टॉप्ड स्मोकिंग' हवे होते. आणि यात मराठीची काहीच चूक नाही, कारण 'चहा प्यायला थांबलो' आणि 'चहा प्यायचे थांबवले' हा भेद आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. मी त्या वेळी मराठीतून विचारच केला नव्हता. फक्त 'टू'नंतर मूळ रूप हा नियम मनात धरून बोललो होतो.

तथापि वरील दोन्ही प्रतिसादांना मी थोडी हरकत घेऊ इच्छितो, कारण निळीशाई या सूत्रांवर पूर्ण विसंबून राहिल्या तर काही ठिकाणी पडतील. 'टू' पुढे पाहतो आणि 'इंग' मागे, हे सर सांगतात. पण 'मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन' यात गाडी मिळालेली आहे, तरीही 'टू' आहे, आणि 'अव्हॉइड', 'पोस्टपोन', 'सजेस्ट' यांमधील गोष्ट अजून घडलेलीच नाही, तरीही 'इंग' आहे. दोनतीर यांचा 'यला' आणि 'यचे' हा निकषही चार ओळखीच्या क्रियापदांपाशी अडखळतो. 'थांबायला माझी हरकत नाही' याचे 'आय डोन्ट माइंड वेटिंग' होते. 'इंग्रजी बोलायचा सराव करतो' याचे 'आय प्रॅक्टिस स्पीकिंग इंग्लिश' होते. 'नोकरी बदलायचा विचार करत आहे' याचे 'आय ॲम कन्सिडरिंग चेंजिंग माय जॉब' होते, आणि 'तारीख बदलायचे सुचवले' याविषयी वर सांगून झालेच आहे. 'ल्याचे' या रूपालाही एक पळवाट आहे. 'त्याने अर्ज केल्याचे दिसते' याचे 'ही सीम्स टू हॅव अप्लाइड' होते, आणि 'बिबट्या पाहिल्याचा दावा त्याने केला' याचे 'ही क्लेम्ड टू हॅव सीन अ लेपर्ड' होते. येथे झालेपणा दाखवण्याचे काम 'हॅव' करतो.

दोन गोष्टी येथील रोजच्या बोलण्यातून लक्षात आल्या, त्याही सांगतो. 'लाइक'ला दोन्ही रूपे चालत असली तरी 'वुड लाइक'ला 'टू'च लागतो. उपाहारगृहात 'आय वुड लाइक ऑर्डरिंग' असे कोणी म्हणत नाही. 'स्टार्ट'लाही दोन्ही चालतात, परंतु 'इट इज स्टार्टिंग' म्हटल्यावर पुढे 'टू रेन' म्हणतात, कारण 'स्टार्टिंग रेनिंग' असे दोन 'इंग' पाठोपाठ कानाला खुपतात. शर्ट धुवायला झाला असेल तर 'द शर्ट नीड्स वॉशिंग' असे म्हणतात. तेथे 'टू' आणायचा असेल तर 'नीड्स टू बी वॉश्ड' असे कर्मणी रूप करावे लागते. 'नीड्स टू वॉश' म्हटले तर शर्टच काहीतरी धुणार आहे असा अर्थ होतो.

दोनतीर

हरकती मान्य आहेत. 'माइंड', 'प्रॅक्टिस', 'कन्सिडर' आणि 'सजेस्ट' ही चार क्रियापदे वेगळी लक्षात ठेवावीत. दोन पानी यादीपेक्षा चार शब्दांची यादी परवडते. 'मॅनेज'मध्ये मात्र मला विरोध दिसत नाही. गाडी मिळाली हे आपल्याला नंतर कळते. धडपड चालू असताना ती पुढेच असते.

निळीशाई परीक्षेचा अभ्यास करत असल्याचे त्यांच्या प्रश्नावरून वाटते, म्हणून आणखी एक जोड देते. 'इंग' लागलेला शब्द जेरंड (नामासारखा) आहे की पार्टिसिपल (विशेषणासारखा), असे विचारले जाते. 'स्लीपिंग बॅग' म्हणजे झोपण्याची पिशवी, म्हणून तो जेरंड. 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेले मूल, म्हणून तो पार्टिसिपल. मराठीत 'ण्याची' आले तर पहिले, 'लेले' किंवा 'णारे' आले तर दुसरे. परीक्षेपुरते हे पुरेसे आहे. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात हा भेदच सोडून देऊन दोहोंसाठी 'जेरंड-पार्टिसिपल' असे एकच नाव वापरले आहे, हे कळल्यावर मला फार हलके वाटले होते. पण ते कारण उत्तरपत्रिकेत लिहू नये.

निळीशाई

तिघांचीही मनापासून आभारी आहे. 'घेतल्याचे कबूल केले' आणि 'द्यायचे कबूल केले' हे वाचल्यावर मी जेवणाच्या सुट्टीत माझे जुने ईमेल काढून बसले. मराठीत वाक्य म्हणून पाहिल्यावर बऱ्याच चुका माझ्या मलाच सापडल्या. 'वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' असे मी तीन ग्राहकांना लिहिले आहे, म्हणजे त्यांना कळवल्याचा आम्हाला पश्चात्ताप होत आहे!

पुढील चार वाक्यांविषयी मात्र अजून खात्री होत नाही. 'प्लीज अलाउ अस शिपिंग ऑन मंडे.' 'द पोर्ट डझ नॉट अलाउ टू अनलोड आफ्टर सिक्स.' 'द इन्स्पेक्टर मेड अस टू ओपन ऑल द बॉक्सेस.' 'वुई हॅव स्टॉप्ड टू शिप बाय रोड.' यांपैकी तिसरे तर मराठीत 'उघडायला लावले' असे स्पष्ट 'यला'चे आहे, म्हणून ते बरोबर असावे असे वाटते.

खडूफळा

चारही वाक्ये दुरुस्त करावी लागतील, परंतु निराश होऊ नका; पहिली दोन केवळ एकमेकांची रूपे घेऊन बसली आहेत. 'अलाउ', 'परमिट' आणि 'ॲडव्हाइज' यांच्यापुढे माणूस आला की 'टू' येतो आणि माणूस नसला की 'इंग' येतो. म्हणून 'प्लीज अलाउ अस टू शिप ऑन मंडे', कारण तेथे 'अस' आहे. आणि 'द पोर्ट डझ नॉट अलाउ अनलोडिंग आफ्टर सिक्स', कारण कोणाला परवानगी नाही हे सांगितलेले नाही. वाहने उभी करण्यास मनाई करणाऱ्या पाटीवरही 'नो पार्किंग' असते, तेथेही माणूस नाही, असे सांगितले की मुलांच्या ते लक्षात राहत असे.

तिसऱ्या वाक्यात मराठीने आपल्याला दगा दिला आहे, हे खरे. 'मेक' आणि 'लेट' यांच्यापुढे इन्फिनिटिव्ह येतो, पण 'टू' गाळून येतो: 'मेड अस ओपन ऑल द बॉक्सेस'. 'लेट'चे मराठी 'जाऊ दिले' असे होते, त्यात 'यला' नाही, त्यामुळे तेथे चूक कमी होते; 'मेक'चे 'करायला लावले' होते, त्यामुळे तेथे 'टू' घुसतो. गंमत अशी की वाक्य कर्मणी केले की तो गाळलेला 'टू' परत येतो: 'वुई वेअर मेड टू ओपन ऑल द बॉक्सेस'. हे असे का, याचे वर्गात पटण्याजोगे उत्तर मला 31 वर्षांत देता आले नाही. मी ते पाठच करून घेत असे. 'हेल्प'ला दोन्ही चालतात, 'हेल्प्ड अस पॅक' आणि 'हेल्प्ड अस टू पॅक', त्यामुळे तेथे निर्धास्त राहावे.

चौथे वाक्य यॉर्कशायरकर यांच्या सिगारेटीचे भावंड आहे. त्याचा अर्थ 'रस्त्याने माल पाठवण्यासाठी आम्ही थांबलो आहोत' असा होतो, आणि ग्राहकाला त्यावरून माल आता रस्त्यानेच येणार असे वाटू शकते, जे आपल्या म्हणण्याच्या नेमके उलट आहे. ते पाठवलेले नसेल तर आजच बदलावे.

निळीशाई

ते काल सायंकाळीच रवाना झाले आहे, आणि आज सकाळी ग्राहकाने ट्रक कोणत्या तारखेला निघणार असे विचारले आहे. दुरुस्तीचा ईमेल आता लिहीत आहे: 'वुई हॅव स्टॉप्ड शिपिंग बाय रोड अँड हॅव डिसायडेड टू शिप बाय सी.' पाठवण्यापूर्वी मराठीत म्हणून पाहिले: रस्त्याने पाठवणे थांबवले, समुद्रमार्गे पाठवायचे ठरवले.

दोनतीर

बरोबर आहे. पाठवा.